काय उजेड पाडलास!

'उजेड पाडणे' हा वाक्प्रचार कुणी कौतुकाने वापरलेला मी अजून ऐकलेला नाही. बारावीचा निकाल लागला तेव्हा वडील गुणपत्रिका आडवी धरून म्हणाले होते, "वा! उजेड पाडलात." तो उजेड लाक्षणिक होता. काशीगावात मावसभावाच्या हळदीत मी जो पाडला तो अस्सल होता, आणि त्याचं मोजमापही करता येतं. पुढे एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन मी ते केलं. हवा होता त्याच्या नऊशेपट.

काशी आणि मिरे ही शेजारशेजारची दोन गावं. महामार्गावरच्या नाक्याने त्यांचं लग्न लावून 'काशीमिरा' केलं, 2002 साली महानगरपालिका आली, आणि आता मेट्रोच्या नकाशावर काशीगाव नावाचं स्थानकही आहे. मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पुढे टॉवर, मध्ये मावशीचं घर आणि घरापुढे मोकळी जागा. इतकी मोकळी जागा आता या भागात फक्त जुन्या घरांपुढेच उरली आहे. बिल्डर येऊन ती बघून जातात. मावशी त्यांना चहा पाजते आणि परत पाठवते.

आम्हा आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस अक्षता टाकून जातो, हळदीला येतो तो राहायला. धवलारणीचे धवळे गाऊन झाले की बेंजो सुरू होतो, बेंजो थकला की डीजे, आणि मटणाचा वास आला की डीजेवाल्याचाही ताल चुकतो. एवढ्या सोहळ्याचे फोटो काढायला ठाण्याचा फोटोग्राफर ठरवला होता. तो संध्याकाळी साडेपाचला निघाला आणि साडेसातला त्याचा फोन आला, "गायमुखला आहे." साडेआठला पुन्हा फोन. तेव्हाही तो गायमुखलाच होता. घोडबंदर रस्त्याची ज्यांना माहिती आहे त्यांना यात बातमी अशी काहीच वाटणार नाही.

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. मी नेमका समोर उभा होतो.

"आरं बाला, तुज्याकडं तो मोटा कॅमेरा हाय ना?"

होता. शिवाय गाडीत माझा नवा फ्लॅशही होता. नवा म्हणजे मला नवा; फोर्टातल्या बोरा बाझारमधून जुना घेतलेला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा, मान वळवणारा, चांगला अर्धी वीतभर उंच. तो लावला की साधा माणूसही पत्रकार दिसतो. लोक आपोआप वाट देतात. मी तो विकत घेतला त्यामागे छायाचित्रणाचं प्रेम किती आणि हे वाट मिळणं किती, याचा हिशोब मी मांडलेला नाही.

पहिला फोटो मावशीचाच काढला. ती नवरदेवाच्या गालाला हळद लावत होती. लखकन उजेड झाला, पाचसहा माणसांनी डोळ्यांवर हात घेतले, एक बाळ रडायला लागलं. मी ऐटीत मागचा पडदा पाहिला. मावशी नव्हती. लुगड्याच्या काठांच्या मधोमध एक पांढरी पोकळी होती आणि त्या पोकळीला नथ होती.

मावशीने चष्मा लावून पाहिलं. "यो कोन?"

"तू."

"मी? मना वाटला पिटाची गोनी."

फ्लॅशच्या बाबतीत मी त्या क्षणापर्यंत एकच गोष्ट वाचली होती, ती म्हणजे डब्यावरचा आकडा. त्याला गाइड नंबर म्हणतात. माझ्या डब्यावर 60 होता आणि मला त्याचा अभिमान होता, जसा काही जणांना मोटारसायकलच्या सीसीचा असतो. हा आकडा नुसता मिरवायचा नसून त्याने भागाकार करायचा असतो, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक) 100 असताना 60 ला भिंगाच्या छिद्राच्या आकड्याने भागायचं. एफ 4 असेल तर 15. म्हणजे पूर्ण ताकदीने फोडलेला हा फ्लॅश 15 मीटरवरच्या माणसाला नीट उजळतो. मी संध्याकाळी अंगणात दिव्यांचे फोटो काढताना आयएसओ 1600 करून ठेवला होता. तिथे तोच फ्लॅश 60 मीटरवर पोचतो. शिवाय त्याची झूम मी हौसेने टोकाला नेली होती (डब्यावरचा आकडा त्याच टोकाला मोजलेला असतो, रुंद चौकटीला तो निम्म्याच्याही खाली येतो). तात्पर्य, रस्त्यापलीकडच्या टॉवरमधल्या एखाद्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीसाठी योग्य असलेला उजेड मी दोन मीटरवर बसलेल्या मावशीच्या तोंडावर मारला. आणि अंतर कमी झालं की उजेड त्याच्या वर्गाने वाढतो. अंतर तीसपट कमी, तर उजेड तीस गुणिले तीस. नऊशे.

हे सगळं नंतरचं शहाणपण. त्या वेळी मला एवढंच कळलं की फोटो जळाला. 'ओव्हर गेला' असं धंद्यातले लोक म्हणतात. आणि हे जळणं साधं नाही. फिल्मच्या जमान्यात निगेटिव्हला जास्तीचा उजेड बराच पचत असे; छापताना अंधाऱ्या खोलीत थोडी दटावणी केली की चेहरा परत येई. डिजिटल सेन्सर भरलेल्या बादलीसारखा आहे. काठोकाठ भरल्यावर पुढचं पाणी मोरीत. तिथे काहीच नोंदलेलं नसतं, त्यामुळे काळं झालेलं एखादे वेळी उजळता येतं, पण पांढरं झालेलं मावशीचं नाक जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही.

फोटो बिघडला की हळदीत सल्लागार जमायला किती वेळ लागतो? चार पेन्सिल सेलवर फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला लागतो त्यापेक्षा कमी.

पहिला म्हणाला, शटर वाढव. हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की तो खोटा असेल असं वाटतच नाही. मी शटर वाढवायला गेलो, तर कॅमेरा 1/200 च्या पुढे जाईना. फ्लॅश चालू असताना तो बहुधा तिथेच हटून बसतो, कारण त्याहून जलद गेलं तर शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत आणि फोटोत काळा पट्टा येतो. बरं, शटर वाढवूनही काय होणार होतं? फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो आणि जातो. दार सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं उघडा नाहीतर दोनशेव्या, चोर तेवढ्यात आत येऊन गेलेला असतो. शटरने कमी होतो तो आसपासचा उजेड. फ्लॅशला आवरायचं तर छिद्र लहान करा, आयएसओ उतरवा, फ्लॅशची ताकद कमी करा नाहीतर स्वतः मागे सरका. मागे सरकायला जागा नव्हती. मागे बेंजो होता.

दुसऱ्याने यूट्यूबवर पाहिलेलं सांगितलं, फ्लॅश सरळ मारायचा नाही, छताकडे वळवायचा, उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. हे शंभर टक्के खरं आहे. फ्लॅटच्या पांढऱ्या छताखाली काढलेले वाढदिवसाचे फोटो म्हणूनच छान येतात. मी लगेच फ्लॅशची मान वर केली आणि बटण दाबलं. उजेड वर गेला. वर मृगशीर्ष नक्षत्र होतं. ते किती दूर आहे ते बघता परतीचा उजेड अजून वाटेत असावा.

मग मांडवाच्या कडेला जाऊन कापडावर मारून पाहिला. कापड भगवं होतं. नवरदेव, नवरदेवाची आई, करवल्या, भटजी, सगळे एकाच वर्णाचे झाले. हळद न लावलेले पाहुणेही हळदीचे दिसायला लागले. खर्चाच्या दृष्टीने यात फायदा होता, पण मावशीला पटला नाही.

मागच्या खुर्चीवर एक म्हातारे काका हे सगळं निवांत बघत होते. मावशीच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. गळ्यात याशिका, खांद्याला फ्लॅशच्या बॅटरीचा डबा, आणि रोलमध्ये फोटो मोजून बारा. पूर्ण लग्नाला दोन रोल मिळत, म्हणजे चोवीस वेळा बटण दाबायची मुभा. मी तोपर्यंत एकशे दहा वेळा दाबलं होतं. ते उठून आले, माझा फ्लॅश हातात घेऊन वळवून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या फ्लॅशच्या पाठीवर तक्ता असायचा. हा तर नुसता गुळगुळीत आहे."

"मग तुम्ही कसं ठरवायचात?"

"पावलांनी. माझा फ्लॅश अठ्ठावीसचा. पाच पावलं मागे यायचं, एफ आठ लावायचं. नवरी असो की आमदार, पाच पावलं."

घरी आल्यावर मी भागाकार केला. 28 भागिले 8, साडेतीन मीटर. मध्यम उंचीच्या माणसाची पाच पावलं. त्या माणसाने पस्तीस वर्षं हे गणित चपलेत ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्हीच काढा ना आज. त्यांनी पंगतीच्या दिशेने एकदा श्वास घेतला आणि म्हणाले, "आता मी निवृत्त आहे." आणि वासाच्या दिशेने पाच पावलं गेले.

वास्तविक असा गोंधळ घालायची फ्लॅशच्या घराण्याची चालच आहे. 1887 साली जर्मनीत गेडिके आणि मीथे या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅशची पावडर तयार केली. ती दारूच होती, लक्ष्मीपूजनाला उडवतो तसली. फोटोग्राफर तबकात पावडर घेऊन पेटवायचा, भडका उडायचा, खोलीभर पांढरा धूर व्हायचा. भुवया जळण्याचे, पडदे पेटण्याचे प्रकार तेव्हा झाले. त्या पूर्वजांपुढे माझं एका बाळाला रडवणं अगदीच सात्त्विक म्हणायला हवं.

शेवटी मी फ्लॅशवर टीटीएलचं बटण शोधलं. टीटीएल म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः फ्लॅशचं माप काढणं. बटण दाबलं की फ्लॅश आधी बारीकसा चमकतो, तो उजेड माणसांवर आपटून भिंगातून परत येतो, कॅमेरा तो मोजतो, हिशोब करतो आणि मग खरा फ्लॅश फोडतो. हे सगळं डोळा मिटायच्या आत. काहींचा डोळा त्या आतही मिटतो, ते वेगळं.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि करवल्यांना उभं केलं. पुन्हा पांढऱ्या.

यात कॅमेऱ्याची चूक नव्हती, त्याच्या स्वभावाची होती. कॅमेऱ्याच्या मते जग सरासरीने करड्या रंगाचं आहे. चौकटीत खूप काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि तो उदार होतो. करवल्यांच्या मागे मोकळी जागा, तिच्या मागे डोंगर, डोंगरावर डिसेंबरची रात्र. तीन चतुर्थांश चौकट काळीकुट्ट. राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर करडा करून दाखवायचा या हट्टाने माझा फ्लॅश फुटत होता आणि त्या प्रयत्नात पुढच्या चार मुली शहीद होत होत्या.

यावर उपाय आहे. वजा करायचं. माझ्या कॅमेऱ्यावर अधिक-वजाची दोन बटणं आहेत, एक आसपासच्या उजेडाचं आणि एक फ्लॅशचं. मी पहिलं दाबलं. त्यामुळे मागचा काळोख आणखी काळा झाला आणि पुढचे चेहरे होते तसेच राहिले, म्हणजे कोळशाच्या वखारीत खडूचे पुतळे.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या चार करवल्यांपैकी एकीने तो फोटो पाहिला आणि ती म्हणाली, "दादा, हा मला पाठव ना." मी म्हटलं, अगं, यात तुझं नाकसुद्धा दिसत नाही. ती म्हणाली, "पण किती गोरी आलेय!" तिच्या आईनेही मान डोलावली, स्थळांना पाठवायला बरा आहे म्हणाली. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांना गोरं करायचे, आता फोन न विचारताच करतो. आमच्याकडे जळालेला फोटो हा दोष मानला जात नाही, ती एक सेवा आहे. ती सावळी मुलगी समोर उभी होती तेव्हा हळदीने तिचा चेहरा असा काही झळकत होता की तोच फोटोत यावा म्हणून मी तासभर घाम गाळला होता. तो कुणालाच नको होता. मी फोटो पाठवला.

साडेनऊच्या सुमाराला भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मेट्रोच्या कामावर रात्रपाळीचे सुपरवायझर. पाळीला अजून वेळ होता, म्हणून जेवून थेट साइटवर जायचं अशा तयारीत आले होते: डोक्यावर हेल्मेट नव्हतं एवढंच, पण अंगात पोपटी जाकीट आणि त्यावर छातीला आडवी आणि खांद्यांवरून उभी अशा रुपेरी पट्ट्या. ताई म्हणाली, "अहो, ते काढा." भाऊजी म्हणाले, "आत बनियन आहे." तो विषय तिथे संपला.

त्यांना मावशीने नवरदेवाच्या डावीकडे उभं केलं. मी बटण दाबलं आणि सवयीने डोळे मिटून मागचा पडदा पाहिला.

नवरदेव दिसत होता. चेहऱ्याचा रंग, कपाळावरचा मुंडावळ्यांचा दोरा, गालावरच्या हळदीत उमटलेली कुणाचीतरी चार बोटं, सगळं. मावशीची नथ मावशीच्या नाकात होती. फोटो अप्रतिम होता. फक्त भाऊजींच्या अंगावर कुणीतरी ट्यूबलाइटी बांधल्यासारखं दिसत होतं.

कारण समजायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या रुपेरी पट्टीत काचेचे बारीक मणी असतात. त्यांच्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे न विखुरता जिथून आला तिकडेच परत जातो. म्हणूनच ट्रकवाल्याला स्वतःच्या दिव्यात रस्त्यावरचा कामगार लांबून दिसतो. फ्लॅश भिंगाच्या डोक्यावरच बसलेला, त्यामुळे आधीच्या बारीक चमकेला भाऊजींच्या पट्ट्यांनी भरभरून उत्तर दिलं आणि कॅमेरा दचकला: अरे बापरे, इथे तर केवढा उजेड! त्याने हात आखडता घेतला. डोंगर म्हणत होता वाढ, भाऊजी म्हणत होते आवर, आणि दोघांच्या भांडणात बाकीच्यांचे चेहरे बरोबर आले.

त्या रात्री मला एवढंच कळलं की भाऊजी असले की फोटो चांगला येतो. मग मी त्यांना सोडलं नाही. करवल्यांबरोबर भाऊजी. आत्यांबरोबर भाऊजी. नवरदेवाच्या शाळेतल्या मित्रांबरोबर, ऑफिसातल्या लोकांबरोबर, धवलारणींच्या मधोमध भाऊजी. हळूहळू त्यांचं प्रमाणही लक्षात आलं. अगदी मध्ये घेतले तर सगळे काळे पडायचे, म्हणून डावीकडून दुसरे, अर्धे मागे. मिठासारखे, चवीपुरते. मोठा घोळका असेल तर छातीची आडवी पट्टी पुरेशी, लहान घोळक्याला एका खांद्याचीच. मी ओरडत होतो, "भाऊजी, जरा वरच्या पट्टीत या," आणि बेंजोवाला उगाच आपली पट्टी बदलत होता.

भाऊजी मुळात भिडस्त. पहिल्या दहा फोटोंना ते संकोचले, पुढच्या दहांना सरावले, आणि त्यानंतर मी कॅमेरा उचलला की लांबूनच खांदा तिरका करत यायला लागले. पाहुण्यांत त्यांचं वजनही वाढलं. ज्यांना प्रत्येक फोटोत आग्रहाने बोलावलं जातंय ते कुणीतरी बडे असणार, असं नवरीकडच्या मंडळींनी ठरवलं. मेट्रोचे साहेब आहेत म्हणून दोघांनी त्यांना फ्लॅटच्या किमती कधी उतरतील तेही विचारलं.

ठाण्याचा फोटोग्राफर सव्वाअकराला पोचला. तोपर्यंत हळद उतरली होती, नवरदेव आंघोळ करून आला होता आणि पंगती संपत आल्या होत्या. त्याने रिकाम्या टोपांचे आणि झोपलेल्या मुलांचे अतिशय सुंदर, योग्य उजेडातले फोटो काढले.

मी त्या रात्री 412 फोटो काढले. 2025 च्या मे महिन्यात दहिसर ते काशीगाव मेट्रोची चाचणी गाडी धावली, त्याच आठवड्यात हळदीचा अल्बम छापून घरी आला. आता मी फ्लॅशचं वजा बटण ओळखतो, आयएसओ 400 च्या वर नेत नाही, आणि चौकटीत डोंगर असेल तर त्याच्याकडे पाठ करतो. पण अल्बम व्हायचा तो झालेला आहे. त्यात छापण्याजोगे निघाले 63 फोटो. नवरदेव त्यातल्या 41 मध्ये आहे. भाऊजी 63 मध्ये.